अंगणातला ‘ख्रिसमस ट्री’ पाडला, आता त्या खोडाला गिऱ्हाईक कुठलं?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात बंगल्याच्या अंगणात तीसेक वर्षांपूर्वी लावलेला ‘ख्रिसमस ट्री’ घरावर कलला होता. रीतसर परवानगी काढून तुम्ही तो एप्रिलच्या शेवटी उतरवला. फांद्या आणि शेंडा झाडतोड्यांनी नेला. खालचं खोड आठ-आठ फुटांच्या तीन ओंडक्यांत अंगणात पडलंय. शेजारी म्हणतात, पाइनचं लाकूड आहे, चांगले पैसे येतील. दोन वखारवाल्यांनी फोनवरच नाही म्हटलं आणि तिसरा म्हणाला, ‘जळाऊत घेतो, गाडीभाडं तुमचं.’ एवढं सरळसोट खोड जाळायला द्यायचं, की खरंच कुणी घेईल, असं तुम्ही विचारलंय.

मी वडिलांच्या वखारीत वाढलो, पुढे वीसेक वर्षं ती चालवली, आणि आता लेथवर वाडगी-दिवे कातून पोट भरतो. म्हणजे असा ओंडका दारात आला की ‘नको’ म्हणणारा मीच होतो, आणि हल्ली तोच ओंडका शोधत फिरणाराही मीच आहे. त्यामुळे दोन्हीकडची बाजू सांगू शकेन.

आधी एक गोष्ट. तुम्ही विचारताय ‘किती येतील’, पण तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे ‘कोण उचलून नेईल, आणि मृगाच्या आत नेईल का’. बाजारात लाकडाचा भाव असतो तो ट्रकभर, एकसारख्या, ओळखीच्या मालाचा. अंगणात पडलेल्या तीन ओंडक्यांना बाजारभाव असा नसतोच. त्यांना एखादा माणूस लागतो, ज्याला नेमकं हेच हवंय. तो मिळाला तर पैसे मिळतील, नाही मिळाला तर वरून पैसे मोजून अंगण मोकळं करावं लागेल.

पहिलं काम म्हणजे झाड कोणतं ते नक्की करणं. आपल्याकडे ‘ख्रिसमस ट्री’ किंवा ‘पाइन’ या नावाखाली काहीही खपतं. कोकण किनाऱ्यावरचा सुरू लोकांना सूचिपर्णी वाटतो, पण तो सूचिपर्णी नाहीच. त्याचं लाकूड जड, कठीण, जळणाला उत्तम. सुरूचा ओंडका असता तर जळाऊवाल्याने गाडीभाडं तुमच्याकडून मागितलं नसतं. सिल्व्हर ओकही बरेचदा याच रांगेत बसवतात, तोही रुंदपर्णी. पुण्या-नाशिकच्या बंगल्यांत उभे असतात ते बहुतेक अरोकेरिया. ओळखायची खूण सोपी आहे: फांद्या छत्रीच्या काड्यांसारख्या एकाच उंचीवर चहूबाजूंनी फुटतात, मग थोडी मोकळी जागा, मग पुन्हा वलय. साल पातळ पापुद्र्यांनी आडवी सुटते. कापलेल्या तोंडावर पांढरा चिकट डिंक येतो आणि तो हाताला लागला की साबणाने जात नाही, गोडं तेल चोळावं लागतं. तुमच्या वर्णनावरून तुमचं झाड हेच दिसतंय.

अरोकेरियाला पाइन म्हणायला हरकत नाही, सगळं जग म्हणतं, पण चीड, देवदार या हिमालयातल्या झाडांच्या कुळाशी त्याचं नातं लांबचं आहे. हे सांगतोय कारण शेजाऱ्यांच्या मनातला भाव बहुधा देवदाराचा आहे. देवदारात तेल असतं, वास असतो, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, म्हणून हिमाचलातली देवळं आणि काश्मीरच्या हाउसबोटी त्याच्या आहेत. अरोकेरियात यातलं काही नाही. लाकूड फिकट पिवळसर, हलकं, मऊ, धागा सरळ, रंधा छान चालतो. पण मधलं पक्कं लाकूड आणि बाहेरचं कच्चं लाकूड असा फरक त्यात डोळ्यांना दिसत नाही. सागाच्या ओंडक्यात मधला तपकिरी गाभा टिकाऊ असतो आणि बाहेरची पांढरी पट्टी आम्ही टाकून देतो. अरोकेरिया म्हणजे वखारीच्या भाषेत सगळी ती पांढरी पट्टीच.

आता वखारवाला फोनवरच का नाही म्हणाला ते सांगतो. तो उर्मट नव्हता, त्याने मनातल्या मनात हिशोब केला होता.

पाइन हवंच असेल तर त्याच्याकडे न्यूझीलंडचा माल आहे. गुजरातेत कांडल्याच्या बंदरात उतरतो, तिथेच गांधीधामला कापला जातो, वाळवून, एकसारख्या मापात दुकानात येतो. लागवडीतल्या त्या झाडांच्या खालच्या फांद्या लहानपणीच छाटतात, त्यामुळे बुंध्याच्या बऱ्याच भागात गाठी कमी. तुमच्या खोडात दर वलयाला पाच-सात गाठी एका रांगेत आहेत. फळी काढली की प्रत्येक वलयापाशी गाठींचा पट्टा येणार आणि फळीवर जोर दिला की ती तिथेच मोडणार. पॅकिंगच्या पेटीवाल्यांकडे जावं म्हटलं, तर परदेशी जाणाऱ्या पेटीचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवून शिक्का मारलेलं लागतं. ती सोय असलेला कारखाना तीन ओंडक्यांसाठी भट्टी उघडत नाही.

आणि सगळ्यात मोठी भीती लोखंडाची. अंगणातल्या झाडाला कपडे वाळत घालायची तार, झोपाळ्याचा हूक, दिवाळीच्या माळांचे खिळे, कधी नावाची पाटी, असं काहीतरी ठोकलेलं असतंच. झाड ते गिळून टाकतं, वरून पत्ता लागत नाही. आमच्याकडे एकदा एका वाड्यातल्या आंब्याच्या ओंडक्यात कडी निघाली. करवतीच्या पट्ट्याचे दात सपासप उडाले, मिस्त्रीच्या कानाजवळून एक तुकडा गेला आणि नव्या पट्ट्याचा खर्च त्या सगळ्या आंब्याच्या कमाईपेक्षा जास्त आला. त्या दिवसापासून वडिलांनी पाटी लावली, ‘घरगुती झाडे कापून मिळणार नाहीत’. बहुतेक सॉमिलमध्ये अशी पाटी असते, कुठे लिहिलेली, कुठे न लिहिलेली.

म्हणून कुणालाही फोन करण्याआधी दोन गोष्टी करा. घरातल्या सर्वांत जुन्या माणसाला विचारा, झाडाला काय काय ठोकलं होतं आणि किती उंचीवर. ऐकायला गंमत वाटेल, पण ‘आजीची तार चार फुटांवर होती’ ही माहिती मला कोणत्याही फोटोपेक्षा उपयोगाची आहे. मग कुणाकडून हातातलं मेटल डिटेक्टर आणून तिन्ही ओंडक्यांवरून फिरवा. जिथे वाजेल तिथे रंगाने फुली मारा. वरच्या दोन ओंडक्यांत बहुतेक काही निघणार नाही, आणि नेमकं तेच लाकूड मला तरी जास्त आवडतं.

दुसरी गोष्ट मोजमाप. ‘मोठं झाड आहे’ असं सांगून कुणी येत नाही. प्रत्येक ओंडक्याची लांबी फुटांत आणि मध्यावरची गोलाई, म्हणजे घेर, इंचांत घ्या. वखारीत गोल लाकूड मोजायची जुनी रीत अशी: गोलाईचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले १४४. तुमच्या ओंडक्यांच्या गोलाया ५२, ४६ आणि ४० इंच धरल्या, तर आठ फुटांना अनुक्रमे सुमारे ९.४, ७.३ आणि ५.६ घनफूट येतात. एकूण सव्वाबावीस. या रीतीत खरं घनफळ येत नाही. कटाईत जाणारं लाकूड आधीच वजा धरल्यासारखं ते सुमारे २१ टक्के कमी येतं. ओंडक्यात प्रत्यक्ष लाकूड आहे ते २८ घनफुटांच्या आसपास. विकताना वखारीच्या रीतीचा आकडा सांगा, उचलताना खऱ्या घनफळाचा विचार करा. ओलं अरोकेरिया घनफुटाला साधारण २५ ते ३० किलो भरतं. म्हणजे एकूण पाऊण टन, आणि एकटा खालचा ओंडका तीनशे किलोंच्या वर. चार गडी बोलावून तो टेम्पोत चढत नाही. चेन-पुली लागते, किंवा हातावर ढकलायचा उतार.

या वजनावरून जळाऊवाल्याचं गणितही कळेल. वाळलं की लाकूड जवळपास निम्म्या वजनाचं होणार. मऊ असल्याने भडकन पेटणार आणि लगेच संपणार. डिंकामुळे धूर काळा, म्हणून हॉटेलच्या तंदूरला किंवा चुलीवर थेट भाजायला चालत नाही. बेकऱ्यांचा रस्ताही अरुंद होत चाललाय, मुंबईत तर जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितल्या. त्यामुळे ‘गाडीभाडं तुमचं’ म्हणणारा तुम्हाला लुबाडत नव्हता.

मग उरतं कोण? इथे मला थोडं मागे जाऊ द्या, कारण तुमचा प्रश्न अडीचशे वर्षं जुना आहे.

१७७४ मध्ये कॅप्टन कुक दक्षिण प्रशांत महासागरात फिरत असताना त्याला आधी न्यू कॅलेडोनियाच्या किनाऱ्यावर आणि मग नॉरफॉक बेटावर खांबांसारखी उभी झाडं दिसली. जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी ब्रिटिश आरमाराला सरळ, उंच खोडं हवीच होती. पुढे १७८८ मध्ये नॉरफॉक बेटावर वसाहत केली, त्यामागे हे लाकूड हे एक मोठं कारण होतं. तोडून पाहिलं तर डोलकाठीला ते निकामी निघालं. वाऱ्याचा ताण आला की लाकूड वाकण्याऐवजी मोडायचं. दोन्ही झाडं अरोकेरियाच. आपल्याकडे उंच वाढलेली बरीचशी त्यातली पहिली जात, कुक पाइन. दिसायला सरळसोट आणि कामाला ठिसूळ, या गोष्टीने तुमच्या शेजाऱ्यांच्या आधी आख्खं आरमार फसलंय.

ज्या गाठींनी डोलकाठी मोडते त्याच गाठी लेथवर सोनं आहेत. हवाईत हीच झाडं पुष्कळ आहेत आणि तिथल्या कातकाम करणाऱ्यांनी त्यांच्यापासून एक वेगळीच चीज बनवली. वाडगं असं कातायचं की फांद्यांचं वलय बरोबर त्याच्या कडेच्या भिंतीत येईल. भिंत पातळ करत करत एक-दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) ठेवायची, मग तेलात मुरवायची. दिवा आत ठेवला की सगळं वाडगं मधासारखं उजळतं आणि गोल फिरून सहा-सात लालसर गाठी चांदणीसारख्या उमटतात. मी पहिल्यांदा असं वाडगं पाहिलं तेव्हा मला आमच्या वखारीतून जळणात गेलेले ओंडके आठवले, आणि त्या रात्री झोप लागली नाही म्हटलं तरी चालेल.

त्यामुळे माझा सल्ला असा, की तुमचं पहिलं गिऱ्हाईक लेथवर काम करणारा शोधा. पुण्या-मुंबईत हल्ली हौशी लोकांच्या कार्यशाळा बऱ्याच आहेत, त्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट असतात. जुने कातारी अजून कुठे कुठे लाटणी-पोळपाट, पलंगाचे खूर कातताना दिसतात. त्यांना हे लाकूड मऊ वाटेल, पण दिव्याच्या शेडसाठी एखादा तयार होतो. सावंतवाडीच्या किंवा चन्नपटणाच्या खेळणीवाल्यांना विचारू का, असं मला नेहमी विचारतात. त्यांची लाकडं ठरलेली आहेत, आणि पाऊण टनासाठी एवढा प्रवास परवडत नाही. मिरजेच्या तंबोरेवाल्यांचंही तेच. त्यांना भोपळा आणि तून नावाच्या झाडाचं लाकूड लागतं, ‘पाइनची वीणा’ असं काही होत नाही, कृपया त्यांना फोन करू नका.

लेथवाला येणार असेल तर ओंडका कुठे कापायचा हे फार महत्त्वाचं. झाडतोडे आपल्या सोयीने दोन-दोन फुटांवर कापत जातात आणि करवत नेमकी गाठींच्या वलयातून जाते. तिथे माल संपला. वलय मधोमध ठेवून वर नऊ इंच, खाली नऊ इंच असे दीड फुटाचे तुकडे हवेत. वलयं जवळजवळ असतील तर दोन वलयांच्या बरोबर मध्ये कापायचं. पण हे आत्ता करू नका. गिऱ्हाईक दारात उभं राहिल्यावर त्याच्या खुणेवर कापा. आठ फुटी ओंडका टोकांकडून थोडा फाटतो आणि मधला भाग शाबूत राहतो. तिन्ही ओंडक्यांचे मिळून दीड फुटाचे पंधरा तुकडे केले तर तीस टोकं होतात आणि सगळीच फाटतात.

आता तुमच्या कललेल्या झाडाबद्दल, कारण यावर फळ्यांचं नशीब अवलंबून आहे. तुम्ही लिहिलंय की झाड घराकडे झुकलं होतं. घर झाडाच्या दक्षिणेला आहे का? असेल तर त्यात आश्चर्य नाही. कुक पाइन जिथे लावाल तिथे विषुववृत्ताकडे कलतो. २०१७ मध्ये संशोधकांनी वेगवेगळ्या खंडांवरची झाडं मोजून हे प्रसिद्ध केलं. कल सरासरी साडेआठ अंशांच्या आसपास निघाला, उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. पुण्यात कुठल्याही जुन्या सोसायटीत मान वर करून पाहा. बिल्डरचा ओळंबा चुकला म्हणून नव्हे, झाडंच तशी आहेत.

सूचिपर्णी झाड कललं की कलाच्या खालच्या बाजूला ते दाट, गडद, कडक लाकूड भरतं, वरचा भार ढकलून धरण्यासाठी. आम्ही त्याला दाबाचं लाकूड म्हणतो. कापलेल्या तोंडाकडे पाहा. खोडाचा मध्य बरोबर मध्यभागी नसेल, एका बाजूला सरकलेला असेल, आणि रुंद बाजूला लालसर चंद्रकोर दिसेल. ती बाजू म्हणजे दाबाचं लाकूड. नेहमीचं लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आखडतच नाही, हजारात एक-दोन भाग. दाबाचं लाकूड त्याच्या दहापट आखडू शकतं. एकाच फळीत दोन्ही आली की फळी धनुष्यासारखी वाकते, आणि ती वाकणं कुठल्याही क्लॅम्पने थांबत नाही. मी स्वतः हौसेने अशा खोडाच्या सहा फुटी फळ्या काढून घेतल्या होत्या. पुस्तकांचं कपाट करायचं होतं. सहा महिन्यांनी त्यातल्या बऱ्याचशा फळ्या सपाट टेबलावर ठेवल्या तर मधून मांजर जाईल एवढी फट. शेवटी दीड-दोन फुटांचे तुकडे करून भिंतीवरच्या छोट्या फळ्या आणि मसाल्याच्या बरण्यांची मांडणी केली. तुकडा लहान झाला की वाकही लहान होतो, एवढाच त्यातला शोध.

म्हणजे चंद्रकोर ठळक असेल तर फळ्यांचा नाद सोडा, किंवा तो चंद्रकोरीचा भाग पहिल्या कटाईतच बाजूला काढायला सांगा. मध्य बऱ्यापैकी मधोमध असेल तर घरच्या वापरासाठी फळ्या काढणं हा दुसरा चांगला मार्ग आहे. त्यासाठी सॉमिल परवानाधारकच बघा, आणि लोखंडाची तपासणी केल्याचं आधी सांगा. नुकसान झालं तर पट्ट्याचा खर्च मी देईन, असं स्वतःहून म्हणालात तर पाटी असूनही बरेच मिस्त्री कापून देतात. ‘घरगुती झाडे नाहीत’ या पाटीला हीच एक किल्ली लागते, आमच्या वडिलांच्या पाटीलाही लागायची.

फळ्या एक इंची काढा. त्यांच्यामध्ये सव्वा-दीड फुटावर एकसारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून, पट्ट्या खालपासून वरपर्यंत एका रेषेत येतील अशी थप्पी लावा. वर वजन, डोक्यावर पत्रा, बाजू मोकळ्या. ताडपत्रीने सगळीकडून गुंडाळू नका, आतल्या वाफेने आठवड्यात बुरशी येते. उन्हाळ्यात मला एक इंची फळी कामाजोगी वाळायला तीन-चार महिने लागतात. पावसाळा मध्ये आला तर दिवाळीनंतर पुन्हा मोजल्याशिवाय मी हात लावत नाही. वाळवीसाठी बोरिक पावडर आणि बोरॅक्स चालतं: १० लिटर गरम पाण्यात २०० ग्रॅम बोरिक, ३०० ग्रॅम बोरॅक्स, आणि ओल्या फळीवरच ब्रशने दोन-तीन हात. पावसात ते धुऊन जातं, म्हणून या फळ्या घरातच वापरायच्या. भिंतीवरची मांडणी, खणाचे तळ, फोटोच्या चौकटी, खेळण्यांची पेटी. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ नको. भाजी चिरायचा पाट म्हणून तर अजिबात नको, मऊ लाकडात सुरीची चीर पडते आणि त्यात पाणी मुरतं.

‘तसंच खोड बागेत बाक म्हणून ठेवलं तर?’ हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. दिसतं सुरेख. मातीला टेकलेलं अरोकेरिया आपल्या पावसात दोन वर्षांत आतून भुसा होतं, आणि वाळवीला घराचा रस्ता दाखवतं. ठेवायचंच असेल तर खाली दोन विटांचे किंवा दगडाचे पाय, साल पूर्ण सोललेली, आणि ते फार तर तीन-चार वर्षांचं पाहुणं आहे असं मनाशी धरून. मुलांना चढायला-उतरायला मात्र मस्त. गोल चकत्या पायवाटेत पुरायची कल्पना कुणी दिली तर हसून विषय बदला. ओल्या चकतीवर शेवाळ चढलं की पहिल्याच श्रावणात कुणीतरी पडतं.

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे शिल्पकला शिकणारी मुलं. कला महाविद्यालयांच्या शिल्पकला विभागात लाकूडकामासाठी मोठे ठोकळे हवे असतात आणि सागाचा ठोकळा विद्यार्थ्याला परवडत नाही. पैसे फारसे मिळणार नाहीत, पण टेम्पो तेच आणतात. खालचा जाड ओंडका, खिळे-तारेच्या शंकेमुळे लेथवाल्याने नाकारला तरी शिल्पकाराला चालतो. त्याची छिन्नी हळू चालते, लोखंड लागलं तर तो थांबतो, शिवी देतो आणि वळसा घालून पुढे जातो.

वेळेचं सांगायचं राहिलं. या लाकडाला वखारीत म्हणतात तशी ‘निळी’ फार लवकर धरते. उन्हाळ्यात पाडलेल्या ओंडक्याच्या तोंडावर दोन-तीन आठवड्यांत निळसर-काळे पट्टे दिसू लागतात. ही एक बुरशी आहे. ताकद फारशी कमी होत नाही, पण फळीचा रंग गेला म्हणून फळीवाला नाक मुरडतो. पाऊस लागला की पुढच्या बुरश्या येतात आणि त्या लाकूड खातात. म्हणून आजच ओंडके जमिनीवरून उचलून विटांवर किंवा जुन्या वाशांवर ठेवा, दोन्ही तोंडांना उरलासुरला ऑइलपेंट जाड फासा, आणि सावलीत सरकवा. साल काढायची का? फळ्या करायच्या असतील तर काढा, खाली किडे लपत नाहीत. लेथवाल्यासाठी असेल तर राहू द्या, सालीखाली लाकूड सावकाश वाळतं आणि कमी फाटतं. गंमत म्हणजे लेथवाल्यांत काही जण मुद्दाम हा ओंडका महिनोन् महिने ओला ठेवतात, बुरशीने काळ्या रेषांची नक्षी काढावी म्हणून. ते जमलं तर वाडग्याला दुप्पट भाव, हुकलं तर लाकडाचा भुगा. मी पाच वेळा केलं, दोनदा जमलं.

कागदांबद्दल एवढंच. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती तुम्ही घेतलीच आहे. त्या कागदाच्या दोन-तीन प्रती काढा आणि लाकूड नेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक द्या. लाकूड भरलेला टेम्पो नाक्यावर थांबवला की ड्रायव्हरला झाडाच्या जातीवरचं व्याख्यान देता येत नाही, कागद देता येतो. जिल्ह्याबाहेर जाणार असेल तर वाहतूक पासचं वन परिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून घ्या. सॉमिलवालाही तो कागद मागेल, आणि मागत नसेल तर दुसरी सॉमिल बघा.

जाहिरात कशी लिहायची हे सांगतो, कारण निम्मी लाकडं वाईट जाहिरातीमुळे सडतात. ‘पाइनचं लाकूड विकणे आहे, किंमत बोलूया’ असं लिहिलं की पन्नास फोन येतात आणि माणूस एकही येत नाही. त्यापेक्षा असं लिहा: ‘अरोकेरिया, एप्रिलअखेर तोडलेलं. तीन ओंडके, प्रत्येकी आठ फूट, मध्यावर गोलाई ५२, ४६, ४० इंच. गाठींची वलयं शाबूत, साल आहे, तोंडांना रंग लावलेला. खालच्या ओंडक्यात चार फुटांवर तार असण्याची शक्यता, बाकी दोन तपासलेले. फाटकापर्यंत टेम्पो येतो, उचलण्याची सोय तुमची. परवानगीचा कागद मिळेल. ३१ मेपर्यंत.’ सोबत तोंडाचे फोटो, शेजारी टेप धरून. मी असा मजकूर वाचला तर भावाची घासाघीस करण्याआधी गाडी काढतो.

किंमत? पहिले दहा दिवस दुसऱ्या आणि तिसऱ्या ओंडक्याचे पैसे मागा. आयात पाइनच्या घनफुटाला वखारीत जो भाव ऐकाल त्याच्या चौथाईच्या वर अपेक्षा ठेवू नका, कारण कटाईत अर्धं जातं आणि वाहतूक, वाळवणी, जोखीम घेणाऱ्याच्या डोक्यावर. दहा दिवसांत कुणी आलं नाही तर ‘नेणाऱ्याला फुकट’ करा. मेअखेरीस तोही आला नाही, तर त्या जळाऊवाल्यालाच बोलवा, पण गाडीभाडं निम्मं-निम्मं करून घ्या. तेवढं तो करतो. एप्रिलमध्ये म्हणत नाही, जूनच्या तोंडावर म्हणतो.

थोडक्यात क्रम असा लावा: लोखंड तपासणं, तोंडं रंगवणं, जमिनीवरून उचलणं हे या रविवारी. मोजमाप आणि जाहिरात त्याच दिवशी संध्याकाळी. लेथवाला आधी, शिल्पकार नंतर, मध्य मधोमध असेल तर मधल्या ओंडक्याच्या घरच्यासाठी फळ्या.

आणि हो, मधल्या ओंडक्याच्या दोन्ही तोंडांचा फोटो इथे टाका, रंग लावण्याआधी, चंद्रकोर दिसेल असा. दोन वलयांमधलं अंतर फुटाच्या वर असेल तर सगळ्यात वरचा, ४० इंची, माझ्यासाठी ठेवा. टेम्पो माझा.